पहिलं पुस्तक एजंट आणि संपादकापर्यंत कसं न्यावं: नव्या लेखकासाठी सगळे टप्पे

माझी पहिली कादंबरी मी चौदा एजंटांना, म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशकांशी बोलणी करणाऱ्या मध्यस्थांना, पाठवली तेव्हा ती लिहून पूर्णच झाली नव्हती. शेवटची पाच प्रकरणं डोक्यात होती, कागदावर नव्हती. उत्तरं यायला महिने लागतात असं ऐकलं होतं, म्हणून वाटलं तोवर होतील लिहून. दहाव्याच दिवशी एका एजंटचं पत्र आलं: पूर्ण हस्तलिखित पाठवा. मी दहा आठवडे जीव काढून लिहिलं आणि घाईत लिहिलेलं घाईतच पाठवलं. तिने दोन ओळींत नकार कळवला. पुस्तक छापून आलं ते त्यानंतर चार वर्षांनी, दुसऱ्या एजंटच्या हातून.

त्या चार वर्षांत जे समजलं ते आधी कोणी सांगितलं असतं तर खूप त्रास वाचला असता. आपण एजंटकडे आणि संपादकाकडे परीक्षक म्हणून बघतो आणि निकालाची वाट बघत बसतो. खरं तर हे लोक तुमचं पुस्तक पुढच्या माणसाला सांगणारे असतात. एजंट ते संपादकाला सांगतो, संपादक आपल्याच कार्यालयातल्या विक्री विभागाला, विक्रीवाले पुस्तकविक्रेत्याला, विक्रेता वाचकाला. यातल्या प्रत्येकाला तुमच्या पुस्तकाबद्दल बोलायला दोन नेमकी वाक्यं हवी असतात. ती वाक्यं तुमच्याकडूनच गेली पाहिजेत. खालचे सगळे टप्पे याच नजरेने वाचा.

## १. एजंट हवा का, हे आधी ठरवा

एजंटांचा हा व्यवसाय लंडनमध्ये रुजला. ए. पी. वॉट यांनी १८७५ च्या सुमारास लेखकांच्या वतीने प्रकाशकांशी बोलणी करायला सुरुवात केली आणि मोबदला म्हणून लेखकाच्या उत्पन्नाचे दहा टक्के घेतले. आज इंग्रजी प्रकाशनविश्वात हा दर साधारण १५ टक्के आहे. परदेशी आणि भाषांतराच्या हक्कांवर बहुतेक ठिकाणी २० टक्के, कारण त्यात दुसऱ्या देशातल्या सहएजंटचा वाटा असतो.

मोठे इंग्रजी प्रकाशक कथात्म साहित्य सहसा एजंटमार्फतच बघतात. छोटे प्रकाशक, कवितासंग्रह, शैक्षणिक पुस्तकं आणि जिथे एजंटची पद्धतच नाही अशा भाषांतलं प्रकाशन, इथे लेखक थेट संपादकाला लिहितो. तुमचं पुस्तक यात बसत असेल तर पाचव्या आणि सहाव्या टप्प्यात एजंटच्या जागी संपादक धरा, सातवा सोडा, बाकी सगळं तुम्हालाही लागू आहे.

## २. हस्तलिखित पूर्ण करा आणि बाजूला ठेवा

कादंबरी असेल तर शेवटच्या ओळीपर्यंत लिहून, किमान दोनदा फेरलेखन करून मगच पाठवा. माझ्यासारखं करू नका. पूर्ण झाल्यावर सहा आठवडे तिला हात लावू नका, मग एकदा मोठ्याने वाचा. जीभ जिथे अडखळते तिथे वाक्य दुरुस्त करायचं आहे.

लांबीकडे लक्ष द्या. प्रौढांसाठीची पहिली कादंबरी साधारण ८०,००० ते १,००,००० शब्दांत बसत असेल तर कोणी भुवया उंचावत नाही. दोन लाख शब्दांची पहिली कादंबरी अनेक एजंट उघडतही नाहीत, कारण कागद, छपाई आणि छापील किंमत सगळंच वाढतं.

कथेतर पुस्तकाचा नियम वेगळा आहे. तिथे पूर्ण पुस्तक न लिहिता प्रस्ताव पाठवता येतो. अपवाद आत्मकथनाचा. ते कादंबरीसारखं वाचलं जातं, म्हणून नव्या लेखकाकडून बहुतेकदा पूर्णच मागतात.

## ३. ही कागदपत्रं तयार ठेवा

- एक पानी क्वेरी लेटर, म्हणजे एजंटला पुस्तकाची ओळख करून देणारं पत्र. पुढे मी त्याला ओळखपत्र म्हणते. साधारण ३०० शब्द.
- एक किंवा दोन पानांचा सारांश, शेवटासकट.
- पहिली तीन प्रकरणं किंवा पहिली ५० पानं. कोणाला किती हवी ते प्रत्येकाच्या नियमांत लिहिलेलं असतं.
- पूर्ण हस्तलिखिताची फाइल. साधा फॉन्ट, १२ पॉइंट, दुप्पट ओळअंतर, पानांना क्रमांक. फाइलच्या नावात तुमचं आडनाव आणि पुस्तकाचं नाव.
- लेखकपरिचय, पाचसहा ओळींचा.
- कथेतर पुस्तकासाठी प्रस्ताव: पुस्तक कशाबद्दल आहे, वाचक कोण, याच विषयावरची आधीची पुस्तकं कोणती आणि तुमचं वेगळं कसं, प्रत्येक प्रकरणाचा गोषवारा, तुम्हीच ते का लिहावं, आणि एकदोन नमुना प्रकरणं.
- नोंदवही किंवा तक्ता. कोणाला, कधी, काय पाठवलं आणि काय उत्तर आलं.

सारांशात शेवट लपवू नका. "पुढे काय होतं ते वाचकानेच शोधावं" असं मीही लिहिलं होतं. एजंटला मात्र गोष्ट शेवटपर्यंत पेलली आहे की नाही हे बघायचं असतं.

## ४. ओळखपत्र लिहिणं

हे एक पान लिहायला मला दीड महिना लागला, आणि तो वेळ सत्कारणी लागला असं आजही वाटतं. यातलीच वाक्यं पुढे एजंट संपादकाला लिहितो, संपादक बैठकीत बोलतो, आणि पुष्कळदा ती मलपृष्ठावर उतरतात.

मी पहिल्यांदा लिहिलेलं वाक्य या जातीचं होतं: "ही कादंबरी प्रेम, विरह आणि मानवी नात्यांची गुंतागुंत उलगडते." हे हजार पुस्तकांबद्दल म्हणता येईल. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही. आता एक काल्पनिक उदाहरण घ्या: "बुडालेल्या जहाजावरून एकटाच वाचलेला खलाशी वीस वर्षं एक खोटं सांगत आला आहे. एके दिवशी त्याला कळतं की त्या रात्री आणखी एक जण वाचला होता." दोन वाक्यांत माणूस आहे, त्याचं जपलेलं काहीतरी आहे आणि ते हातातून निसटण्याची भीती आहे. हे वाक्य ऐकलेला माणूस ते दुसऱ्याला जसंच्या तसं सांगू शकतो. तुमच्या वाक्याची हीच कसोटी लावा: मित्राला एकदा सांगा आणि त्याला ते तिसऱ्याला सांगायला लावा. मधे काय गळलं ते ऐका.

पत्राचा क्रम साधा ठेवा. याच एजंटला का लिहिताय ते एका वाक्यात, मग पुस्तकाचं नाव, प्रकार आणि शब्दसंख्या, मग गोष्टीचे दोन परिच्छेद, मग गेल्या तीन ते पाच वर्षांतली दोन पुस्तकं ज्यांच्या शेजारी तुमचं पुस्तक ठेवता येईल, आणि शेवटी तुमची ओळख. तुलनेसाठी अभिजात ग्रंथ घेऊ नका. आज ते पुस्तक कोण विकत घेईल हे एजंटला त्यातून कळत नाही.

"माझ्या आईला फार आवडलं", "यावर सिनेमा नक्की होईल" ही वाक्यं काढून टाका. पूर्वी काही छापून आलं नसेल तर तसं सांगायचीही गरज नाही. ओळख दोन ओळींची राहिली तरी चालते.

## ५. यादी करा आणि प्रत्येक नाव तपासा

तुमच्या प्रकारची पुस्तकं उघडा आणि ऋणनिर्देशाचं पान वाचा. लेखक तिथे एजंटचे आणि संपादकाचे आभार मानतात. माझ्या यादीतली निम्मी नावं तिथून आली.

मग तपासणी. यात कंटाळा करू नका, कारण नवे लेखक फसतात ते इथेच.

वाचण्याचे पैसे मागणारा एजंट टाळा. एजंटने पुस्तक विकल्यावरच कमवायचं असतं. अमेरिकेतल्या साहित्यिक एजंटांच्या संघटनेच्या आचारसंहितेत सदस्यांना वाचनशुल्क घ्यायला मनाई आहे. पैसा लेखकाकडे यायला हवा. तो लेखकाकडून जायला लागला की थांबा.

"तुमचं पुस्तक चांगलं आहे, पण आधी अमुक संपादकाकडून पैसे देऊन दुरुस्त करून घ्या" असं म्हणून एकच नाव पुढे करणाऱ्यापासून सावध राहा. त्या नावाशी त्याचा आर्थिक संबंध असण्याची शक्यता मोठी असते.

छापण्यासाठी लेखकाकडून खर्च घेणारा व्यवसाय छपाईची सेवा विकत असतो. स्वतःचं पुस्तक स्वतः काढणं हा मानाचा मार्ग आहे. मात्र तो जाणूनबुजून निवडावा, "आमच्या निवड समितीने तुमची निवड केली" या पत्राला भुलून नाही.

नामांकित एजंटच्या नावाने आलेला अनाहूत ईमेल बहुधा खोटा असतो. मला असा एक आला होता. नाव खरं, छायाचित्र खरं, पत्ता मात्र संस्थेच्या संकेतस्थळावरचा नव्हता. न पाठवलेल्या पुस्तकाचं कौतुक आणि पुढच्याच पत्रात "नोंदणी शुल्क". असं काही आलं तर संस्थेच्या संकेतस्थळावरच्या पत्त्यावर स्वतंत्रपणे लिहून विचारा. अशा फसवणुकींची माहिती गोळा करून लेखकांना मोफत सावध करण्याचं काम रायटर बिवेअर हे संकेतस्थळ १९९८ पासून करत आहे. सही करण्याआधी तिथे नाव शोधाच.

## ६. पाठवा, पण सगळ्यांना एकदम नको

आठदहा जणांच्या तुकड्या करा. पहिल्या तुकडीतून कोणीच पुढची पानं मागितली नाहीत तर दोष बहुधा पत्रात आहे. पानं मागितली पण पूर्ण हस्तलिखित मागितलं नाही, तर सुरुवातीच्या प्रकरणांत. पूर्ण वाचून नाकारलं, तर पुस्तकात. नोंदवही इथे कामाला येते. सगळे पत्ते एकदम खर्च केले तर दुरुस्त केलेलं पत्र पाठवायला कोणी उरत नाही.

एकाच वेळी अनेकांना पाठवणं मान्य आहे, फक्त कोणी तसं नको म्हटलं असेल तर पाळा. एकाच पत्रात सगळ्यांचे पत्ते टाकू नका. सहा ते बारा आठवडे थांबा, मग एक सभ्य आठवण पुरे. काही जण नकारही कळवत नाहीत. ते मनाला लागतं, मलाही लागलं. पण नकाराला उलट उत्तर देऊ नका. "पुढचं लिखाण दाखवा" असं लिहिलेला नकार मात्र जपून ठेवा. तसं ते उगीच लिहीत नाहीत.

## ७. एजंटचा होकार आला

आनंदात लगेच हो म्हणू नका. ज्यांच्याकडे तुमचं लिखाण वाचायला आहे त्या बाकीच्यांना कळवा आणि एकदोन आठवडे मागून घ्या. ही रूढ पद्धत आहे, कोणी रागावत नाही. बोलताना हे विचारा:

- पुस्तकात कोणते बदल हवेत असं तुम्हाला वाटतं?
- कोणत्या संपादकांकडे पाठवाल, आणि का?
- पहिल्या फेरीत विकलं गेलं नाही तर काय करू?
- तुम्ही फक्त हे पुस्तक घेताय की माझं पुढचं लिखाणही?
- तुमच्या सध्याच्या एकदोन लेखकांशी बोलता येईल का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सर्वांत महत्त्वाचं. एका एजंटने माझी कादंबरी रहस्यकथा म्हणून विकायचं ठरवलं होतं, दुसरीला ती कुटुंबकथा वाटत होती. मी दुसरीला हो म्हटलं, कारण ती माझंच पुस्तक सांगत होती.

करार लेखी हवा. त्यात टक्केवारी, कोणत्या पुस्तकांना लागू, आणि सूचना देऊन वेगळं होण्याची मुदत बघा. तुम्ही वेगळे झालात तरी त्या एजंटने विकलेल्या पुस्तकावरचा त्याचा वाटा चालू राहतो, हे आधीच समजून घ्या.

## ८. संपादकाच्या टेबलापासून बैठकीपर्यंत

एजंटबरोबर दोनतीन फेऱ्या दुरुस्ती झाली की तो हस्तलिखित निवडक संपादकांना पाठवतो. इथून पुढे तुमच्या हातात काही नसतं, पण पडद्यामागे काय चाललंय हे माहीत असलेलं बरं.

संपादकाला पुस्तक आवडलं म्हणून ते घेतलं जातं असं नाही. तो आधी दोनतीन सहकाऱ्यांना वाचायला देतो. मग खरेदीची बैठक होते. तिथे विक्री, प्रसिद्धी, हक्क आणि हिशेब बघणारे लोक बसतात. संपादक एक आकडेमोड मांडतो: किती प्रती विकल्या जातील, छपाईला किती, विक्रेत्यांना सूट किती, परत किती येतील, आणि मग लेखकाला किती देता येईल. खोलीतल्या सगळ्यांनी पुस्तक वाचलेलं नसतं. संपादकाच्या तोंडून निघालेली दोन वाक्यं त्यांनी ऐकलेली असतात. ओळखपत्रावर दीड महिना घालवायचा तो या खोलीसाठी.

"मला फार आवडलं, पण इथे सगळ्यांना पटवता आलं नाही" हा नकार तुम्हाला मिळेल. तो बहुतेक वेळा खरा असतो. दोन प्रकाशकांना एकदम हवं असेल तर एजंट लिलाव करतो. तसं झालं तर उत्तमच, पण एका प्रकाशकाचा मनापासून आलेला एकच देकारही पुरेसा आहे.

## ९. करार: ही कलमं स्वतः वाचा

आगाऊ रक्कम. ती तीनचार हप्त्यांत मिळते: सहीला, अंतिम हस्तलिखित स्वीकारल्यावर, प्रकाशनावेळी. शंभर भाग धरले तर पंधरा एजंटचे, पंच्याऐंशी तुमचे, त्यातून कर. पहिल्या हप्त्याच्या भरवशावर नोकरी सोडू नका.

रॉयल्टी, म्हणजे विकलेल्या प्रत्येक प्रतीमागे लेखकाला मिळणारा वाटा. ती आधी आगाऊ रकमेत वळती होते. कागदी बांधणीच्या आवृत्तीवर ७.५ टक्के हा रूढ दर आहे. छापील किमतीचे १०० भाग धरले तर एका प्रतीमागे तुमचे ७.५. आगाऊ रक्कम ३०,००० भाग असेल तर ४,००० प्रती विकल्या गेल्यावर ती फिटते, आणि त्यापुढच्या प्रतीपासून नवे पैसे सुरू होतात. रॉयल्टी छापील किमतीवर आहे की प्रकाशकाच्या निव्वळ उत्पन्नावर, हा शब्द शोधून काढा. विक्रेत्याची सूट गेल्यावर निव्वळ उत्पन्न छापील किमतीच्या निम्म्याजवळ येऊ शकतं. टक्केवारी तीच दिसते, पैसे अर्धे होतात.

हक्क. भाषांतर, श्राव्य पुस्तक, चित्रपट यांतले कोणते तुमच्याकडे राहतात? प्रकाशकाकडे गेले तर वाटणी कशी? कॉपीराइट तुमच्याच नावावर राहिला पाहिजे. तुम्ही प्रकाशकाला छापण्याचा परवाना देता, मालकी देत नाही.

हक्क परत मिळण्याचं कलम. "पुस्तक उपलब्ध असेपर्यंत" एवढंच लिहिलं असेल तर ई-पुस्तक कायम उपलब्ध असतं, म्हणजे हक्क कधीच परत येत नाहीत. ठरावीक काळात अमुक प्रतींपेक्षा कमी विक्री झाली तर हक्क परत, असा आकडा घालून घ्या.

तुमच्या पुढच्या पुस्तकावर प्रकाशकाचा पहिला हक्क. असेल तर तो एकाच पुस्तकापुरता, त्याच प्रकारापुरता आणि मुदतीचा असावा.

हमी. लिखाण तुमचं आहे, कोणाची बदनामी करत नाही, कोणाचं चोरलेलं नाही, अशी हमी तुम्ही देता. गाण्याच्या किंवा कवितेच्या ओळी वापरल्या असतील तर परवानगी आणि तिचा खर्च सहसा लेखकाकडे येतो. माझ्या एका प्रकरणात गाण्याच्या चार ओळी होत्या. हक्कधारकाचं उत्तर यायला चार महिने लागले आणि शेवटी मी त्या ओळी काढल्या.

एजंट नसेल तर करार जाणकाराला दाखवा. ब्रिटनमधली १८८४ साली स्थापन झालेली सोसायटी ऑफ ऑथर्स आणि अमेरिकेतली ऑथर्स गिल्ड आपल्या सदस्यांचे करार तपासून देतात. तुम्ही जिथे आहात तिथल्या लेखकसंघटनेकडे अशी सोय आहे का विचारा, नसेल तर बौद्धिक संपदेचं काम करणारा वकील गाठा.

## १०. संपादन

आता संपादक तुमच्या बाजूचा माणूस आहे. त्याने तुमच्या पुस्तकासाठी आपल्या सहकाऱ्यांपुढे शब्द टाकला आहे.

पहिलं येतं ते संपादकीय पत्र. माझं नऊ पानांचं होतं. पहिल्या परिच्छेदात कौतुक आणि दुसऱ्या परिच्छेदात: "सुरुवातीची चाळीस पानं काढता येतील का?" मी त्याच रात्री तावातावाने उत्तर लिहून पाठवलं. ते पत्र परत घेता आलं असतं तर घेतलं असतं. संपादकाने शांतपणे एवढंच लिहिलं की, गोष्ट कोणाची आहे हे वाचकाला एकेचाळिसाव्या पानावर कळतं. ते खरं होतं.

तेव्हापासून मी असं करते. पत्र वाचून एक आठवडा काही लिहीत नाही. मग प्रत्येक मुद्द्यापुढे तीनपैकी एक खूण करते: पटलं, विचार करायचा, नाही पटलं. संपादकाचं दुखण्यावर बोट बरोबर असतं, पण त्याने सुचवलेलं औषधच घ्यावं असं नाही. "ही पानं काढा" याचा अर्थ तिथे काहीतरी अडतंय. मी चाळीसपैकी एकोणतीस पानं काढली आणि अकरा पुढे नेऊन पेरली. संपादकाला ते त्याच्या सूचनेपेक्षा जास्त आवडलं. जे पटत नाही ते कारणासहित सांगा. पुस्तकावर नाव तुमचं असतं, आणि चांगला संपादक हे तुमच्याआधी मान्य करतो.

मग ओळीओळीचं संपादन, म्हणजे वाक्याची लय, पुनरुक्ती, सूर. त्यानंतर प्रत-संपादक येतो आणि शुद्धलेखन, तारखा, पात्रांची वयं, मंगळवारचा बुधवार झालाय का, असं सगळं तपासतो. शेवटी जुळलेल्या पानांचं मुद्रितशोधन. इथे फक्त चुका दुरुस्त करा. या टप्प्यावर परिच्छेद बदलायला घेतलात तर पानं पुन्हा जुळवावी लागतात, आणि ठरावीक मर्यादेपलीकडचा तो खर्च करारानुसार तुमच्याकडून वसूल होऊ शकतो.

मुखपृष्ठाबद्दल तुमचं मत विचारलं जाईल, निर्णय बहुतेकदा प्रकाशकाचा असेल. सहीपासून प्रकाशनापर्यंत एक ते दोन वर्षं धरा.

## ११. पुस्तक आल्यावर

विक्रीचं विवरण सहसा वर्षातून दोनदा येतं. त्यात "परतीसाठी राखीव" अशी एक ओळ असते. विक्रेते न विकलेल्या प्रती परत करतात, म्हणून प्रकाशक काही रक्कम मागे ठेवतो. ती किती आणि किती काळ, हे करारातल्या आकड्याशी पडताळून बघा. ई-पुस्तकाचा दर, हक्कविक्रीतला वाटा आणि आगाऊ रकमेतली उरलेली बाकी, हे तीन आकडे नोंदवहीत उतरवून ठेवा. काही जुळत नसेल तर त्याच आठवड्यात एजंटला लिहा. एजंट नसेल तर विवरणाची प्रत जोडून थेट प्रकाशकाच्या रॉयल्टी विभागाला लिहा.